माळ्यावरचा माल

व्यापारी घरांत जुन्या वस्तूंकडे पाहण्याच्या दोन तऱ्हा असतात. जी वस्तू जागा अडवते आणि पैसा फिरवत नाही ती घरात नको, असे एक तऱ्हा सांगते. जी वस्तू आजवर उपयोगी पडली ती उद्याही पडेल, टाकण्याची घाई कशाला, असे दुसरी म्हणते. पुष्कळदा या दोन्ही तऱ्हा एकाच घरात, एकाच पेढीवर, वडील आणि मुलगा यांच्या रूपाने समोरासमोर बसलेल्या असतात. मी स्वतः छत्तीस वर्षे बँकेत घालवली. कॅश क्रेडिट खात्यांचे स्टॉक स्टेटमेंट तपासताना पहिला प्रश्न मी हाच विचारीत असे, की यातला न हलणारा माल किती? तो वजा करावा, देणी वजा करावीत, मार्जिन काढावे आणि उरेल ती ड्रॉइंग पॉवर. हा हिशेब योग्यच आहे. ठेवीदारांचा पैसा सांभाळणाऱ्याने असाच हिशेब करावा. परंतु 2022 च्या उन्हाळ्यात एका रबरी पाइपाने मला न हलणाऱ्या मालाची दुसरी बाजू जवळून दाखवली. ती हकिकत व्यापारी कुटुंबांना आपलीशी वाटेल, म्हणून लिहीत आहे.

माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सारे दादा म्हणत असू, सोलापुरात कापडाचा घाऊक व्यापार करीत. त्यांच्याकडे 1972 ची फियाट अकराशे होती. त्या काळी मोटार विकत घेणे म्हणजे दुकानात जाऊन पैसे मोजणे नव्हते. नाव नोंदवायचे, अनामत भरायची आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची. त्यामुळे गाडी दारात आली की ती घरातल्या माणसांत मोजली जाई. सोलापूरकरांना या गाडीबद्दल आणखी एक जिव्हाळा होता. तो असा की ती बनवणाऱ्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचे संस्थापक शेठ वालचंद हिराचंद हे सोलापूरचे, आपल्याच समाजातले. 1882 मध्ये सोलापुरात जन्मलेल्या या माणसाने जहाजे, साखर, विमाने असे एकेक उद्योग उभारीत 1944 मध्ये मोटारींच्या कारखान्यात हात घातला. मुंबईच्या कुर्ल्याला आधी अमेरिकन क्रायस्लरच्या आणि पुढे इटलीच्या फियाटच्या सहकार्याने गाड्या तयार होऊ लागल्या. वालचंद शेठ 1953 मध्येच निवर्तले. पण त्यांच्या कारखान्याची अकराशे फियाट, आणि तिचेच पुढचे नाव घेतलेली पद्मिनी, सुमारे अर्धशतक रस्त्यावर राहिली. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपाने तर ती थेट 2023 च्या ऑक्टोबरपर्यंत दिसत होती.

दादांची गाडी मात्र पुरती फियाट राहिली नव्हती. मूळचे 1089 सीसीचे इंजिन दोनदा बोअर करून झाल्यावर, 1993 मध्ये त्यांनी त्याच कारखान्याच्या 118 एनई या गाडीचे इंजिन त्यात बसवून घेतले. हे इंजिन निस्सानच्या बनावटीचे, 1171 सीसीचे. ते हलके होते, इंधन कमी खाई आणि चढणीला दमत नसे. आरसी बुकात बदलाची रीतसर नोंदही झाली. मूळचा रेडिएटर सोलापूरच्या उन्हात पुरेना, म्हणून स्थानिक कारागिराकडून जाड जाळीचा नवा रेडिएटर बनवून घेतला. त्या कारागिराने हाताशी होती ती नळी त्याच्या तोंडाला डाख देऊन जोडली. अशा रीतीने शरीर एकाचे, हृदय दुसऱ्याचे आणि घसा तिसऱ्याचाच, अशी ती गाडी झाली. पण ती दादांना घेऊन वर्षानुवर्षे धावली. दरवर्षी दिवाळीनंतर वहिनींना बार्शीला माहेरी नेण्याचा मान तिचाच असे.

2020 मध्ये दादा गेले. गाडी वहिनींच्या नावावर झाली. माझ्या पुतण्याची, म्हणजे आता पेढी सांभाळणाऱ्या त्यांच्या मुलाची, भूमिका स्पष्ट होती आणि ती अयोग्य नव्हती. गाडी गोदामाच्या आवारात तीन तागे-गाठींच्या थप्प्यांची जागा अडवीत होती. विमा, पर्यावरण कर, दुरुस्ती हा खर्च चालूच होता. भंगारवाल्याने भावही सांगितला होता. वहिनी काही बोलत नसत. फक्त दर रविवारी गाडीवरचे कापड काढून काचा पुसत. शेवटी मे 2022 मध्ये नोंदणीच्या नूतनीकरणाची तारीख आली, तेव्हा तिघांनी मिळून ठरवले की गाडी आरटीओच्या तपासणीत उतरली तर आणखी पाच वर्षे राहील, न उतरली तर जाईल. वाद नको, तारीखच निवाडा करील.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. 2021 मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे वेगळे नियम केले. आमच्या गाडीला नेमकी पन्नास वर्षे होत होती. परंतु ती सवलत मूळ स्वरूपात राखलेल्या, मोठा फेरबदल न झालेल्या गाड्यांसाठी आहे. आमची गाडी वयाने त्या पंक्तीत बसे, इंजिनाने बसत नसे. तिला साध्या गाडीसारखी साधी तपासणी देणेच भाग होते.

आणि तपासणीला तीन आठवडे उरले असताना, एप्रिलच्या भर दुपारी, पुतण्या पीयूसीसाठी गाडी घेऊन निघाला असता बॉनेटखालून वाफेचा लोट आला. इंजिनाकडून रेडिएटरला गरम पाणी नेणारा वरचा रबरी पाइप वाकणावर दोन बोटे उभा फाटला होता.

ज्यांना मोटारीच्या पोटाची ओळख नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. इंजिनाभोवती खेळणारे पाणी तापून वरच्या पाइपाने रेडिएटरमध्ये जाते, तिथे निवते आणि खालच्या पाइपाने परत येते. रेडिएटरचे झाकण हे पाणी दाबाखाली ठेवते, त्यामुळे ते शंभर अंशांवरही उकळत नाही. पाइप फाटला की दाब जातो, पाणी जाते आणि काही मिनिटांत इंजिनाच्या हेडवर संकट येते. रबर बाहेरून धडधाकट दिसले तरी आतून, विशेषतः क्लिपच्या जवळ, पिचत जाते. म्हणून गाडी थंड असताना टोकांजवळ दाबून पाहावे. कडक, कुरकुरीत किंवा फार पिलपिलीत लागले तर तो बदलावा.

बदलावा हे खरे, पण कोणता घ्यावा? सोलापुरातल्या दुकानदाराने पहिला प्रश्न केला, "गाडी कोणती?" फियाटचा पाइप आखूड पडला. 118 एनईचा पाइप इंजिनाकडे बसला, पण त्याचे वळण उलट दिशेला जात होते. रेडिएटरच्या तोंडाला तर दोहोंपैकी एकही बसेना. एका फिटरने सरळ पाइप आणून वाकवून पाहिला; बागेतला पाण्याचा पाइप मुरडतो तसा तो मधोमध मुरडला. ज्या रेडिएटर कारागिराला हे सारे ठाऊक होते तो केव्हाच हयात नव्हता, आणि दादाही नव्हते.

पुतण्याने मला पुण्याला फोन केला. आवाजात सुटकेची छटा असेल असे मला वाटले होते, ती नव्हती. तो म्हणाला, "काका, बाबांच्या खर्चवह्या काढून बसलोय. तुम्ही जरा ऐका." दादा हाडाचे व्यापारी. पैन् पै लिहिलेली. 1993 मध्ये 'पाइप, पुणे, 65'. 2003 मध्ये 'पाइप, पुणे, 110'. 2012 मध्ये 'पाइप, पुणे, 190'. वस्तू, गाव, रक्कम. हिशेबाला लागते ते सारे होते; पण पाइप कोणत्या गाडीचा, दुकान कोणते, याची एका अक्षरानेही नोंद नव्हती. ते त्यांच्या डोक्यात होते, आणि डोक्यातले त्यांच्याबरोबर गेले.

तरी 'पुणे' हा शब्द पुरेसा होता. पुण्यात मोटारींच्या सुट्या भागांचा बाजार म्हणजे नाना पेठ. मी पुतण्याला तीन गोष्टी करायला सांगितल्या. फाटका पाइप मला पाठवावा. पण माप त्याचे घेऊ नये, कारण जुने रबर फुगलेले असते. व्हर्निअर लावून इंजिनाच्या आणि रेडिएटरच्या नळ्यांचे बाहेरचे व्यास मोजावेत. आणि एक जाड जस्ती तार घेऊन ती एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंत, पंख्यापासून दोन बोटे दूर राहील अशा बेताने वाकवून पाठवावी. तिसऱ्या दिवशी बसने पार्सल आले. इंजिनाकडे 32 मिलिमीटर, रेडिएटरकडे 38. तार व्यवस्थित वाकवलेली, दोन्ही टोकांना कागदाच्या चिठ्ठ्या बांधलेल्या: 'इंजिन', 'रेडिएटर'. अक्षर पुतण्याचे होते. गाडी भंगारात घालण्याच्या मताच्या मुलाने ती तार किती वेळा वाकवून पाहिली असेल, हे तिच्यावरच्या पकडीच्या खुणांवरून दिसत होते.

नाना पेठेत मी दोन दिवस फिरलो. मोठ्या, झगमगीत दुकानांत संगणकावर गाडीचे नाव आणि वर्ष घातल्याशिवाय पुढचे पाऊल पडत नसे. एका तरुण विक्रेत्याने सगळीकडे चालणारा लवचीक, घड्यांचा पाइप दाखवला, मात्र स्वतःच प्रामाणिकपणे सांगितले, "काका, वेळ मारून नेईल. पण इंजिन हलतं तेवढं हा रोज सोसणार नाही." त्यानेच मला मागच्या गल्लीतल्या एका जुन्या दुकानाचा पत्ता दिला.

दुकान दहा फूट रुंदीचे, पण आत खोल. छताला पाइपांचे घोस टांगलेले, जणू काळ्या पडवळांचा मांडव. गल्ल्यावर सत्तरी उलटलेले शेठ. मी सारी कथा सांगू लागलो तसे त्यांनी हाताने थांबवले. "कथा नंतर, साहेब. आधी पाइप द्या."

त्यांनी फाटका पाइप घेतला, एका तोंडात दोन बोटे घालून फिरवली, मग दुसऱ्या तोंडात. नंतर दोन्ही टोके उजेडाकडे धरली आणि मला जवळ बोलावले. "हे इंजिनाकडचं टोक बघा. कारखान्यातलं, गुळगुळीत. आणि हे रेडिएटरकडचं? तिरकं आहे. सुरीनं कापलंय. म्हणजे मुळात हा पाइप लांब होता. तुम्ही या लांबीचा शोधत बसलात तर जन्मभर मिळणार नाही."

मी तो पाइप चार दिवस उलटसुलट पाहत होतो. ती तिरकी कड मलाही दिसत होती. तिचा अर्थ त्यांना दिसला. आता प्रश्नच बदलला. आखूड पाइप शोधायचा नव्हता. ज्याचे वळण तारेशी जुळते, एक तोंड 32 आणि दुसरे 38 आहे, आणि जो हवा त्याहून लांब आहे, असा पाइप शोधायचा होता. शेठनी तार हातात घेऊन मान वर केली, काही क्षण डोळे मिटले आणि पोऱ्याला माळ्यावर चढवले. "डावीकडे, मागं. दोरीत बांधलेले." धुळीने माखलेले दोन पाइप खाली आले. एका जुन्या, आता बंद झालेल्या हलक्या मालवाहू गाडीचे. तार त्यावर ठेवली आणि वळणावर वळण चपखल बसले. रेडिएटरकडची सरळ बाजू तेवढी चार बोटे जास्त होती.

शेठनी पाइप वाकवून, दाबून, वळणावर बारीक चिरा आहेत का ते भिंगाने पाहिले. "रबर ठेवूनही म्हातारं होतं, साहेब. पण माळ्यावर ऊन नाही, तेलाचा हात नाही. हा चांगला आहे." लहानशा चिठ्ठीवर दोन अक्षरे लिहिलेली होती. व्यापारी घरांना सांगायला नको, ती खरेदीच्या किमतीची खूण. त्यांनी मला भाव सांगितला, दोनशे ऐंशी.

माझ्यातला बँकवाला गप्प बसेना. मी विचारले, "शेठ, राग मानू नका. हा केव्हा भरलात आणि केवढ्याला?" ते हसले. "आठ वर्षं झाली. एकशे दहाला. रबरवाला दोन डझनांखाली साचा लावत नाही. वर्षाला दोन-तीन जातात." मी मनातल्या मनात आकडा मांडला. एकशे दहा रुपये, दरसाल दरशेकडा बारा, चक्रवाढीने आठ वर्षे, म्हणजे दोनशे बहात्तर. माळ्याचे भाडे, पोऱ्याचा पगार, उंदीर-घूस धरली नाही तरी नफा आठ रुपये. मी त्यांना तसे म्हणालो.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "या पाइपात मी कमावत नाही. पण तुम्ही आता क्लिपा घेणार. पट्टा जुना असेल तर तो घेणार. घरी जाऊन चार माणसांना सांगणार. समोरच्या दुकानात जे मिळतं ते माझ्याकडेही मिळतं, त्यासाठी माझ्याकडे कोण येईल? जे कुठंच मिळत नाही ते माझ्याकडे मिळतं, म्हणून लोक जे सगळीकडे मिळतं तेही माझ्याकडून घेतात. माळ्यावरचा माल हा माझा बोर्ड आहे, साहेब."

छत्तीस वर्षांत मी शेकडो गोदामे पाहिली, पण साठ्याची इतकी नेमकी व्याख्या कोणी केली नव्हती. बँकेच्या दृष्टीने तो माल तारणास अपात्रच; आजही मी तो ड्रॉइंग पॉवरमध्ये धरणार नाही. परंतु ज्याला आपण पत म्हणतो, ती ताळेबंदात न मावणारी गोष्ट अशा मालावर उभी असते, हेही तितकेच खरे. एक हिशेब सावकाराचा आहे, दुसरा दुकानदाराचा. दोन्ही एकमेकांना खोटे ठरवीत नाहीत.

मी दोन्ही पाइप मागितले. शेठनी एकच दिला. "दुसरा तुमच्या डिकीत पडून राहणार. इथं पडून राहिला तर कोणाची तरी गाडी सुटेल. तीन-चार वर्षांनी या, फाटायची वाट बघू नका." मग थोडे थांबून म्हणाले, "तोवर दुकान असलं तर. मुलगा म्हणतो, नंबर टाकला की घरपोच मिळतं, माळा कशाला? त्याचंही खरं आहे. पण ज्याला नंबरच नाही, त्यानं काय टाकायचं?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. मी क्लिपा घेतल्या, पट्टाही घेतला आणि बिल करून निघालो.

पाइप रातोरात सोलापूरला गेला. मुंबई-पुण्याच्या गॅरेजात जे घाईत राहून जाते ते पुतण्याने फिटरकडून सावकाश करून घेतले. दोन्ही नळ्या पॉलिश पेपरने घासून मळ काढला. पाइप तारेच्या मापाने कापला. थोडी ढील ठेवली, कारण इंजिन आपल्या रबरी बैठकांवर हलत असते आणि ताणून बसवलेला पाइप ते हलणे टोकांवर घेतो. सरकवण्यासाठी तेल किंवा ग्रीस वापरले नाही, कारण ते या रबराचे वैरी; साबणाचे पाणी पुरले. क्लिप नळीच्या उंचवट्याच्या आतल्या बाजूला घेतली, रबर कापले जाणार नाही इतपत आवळली. कूलंट आणि शुद्ध पाणी निम्मे-निम्मे भरले आणि थंड इंजिन झाकण उघडे ठेवून सुरू केले, आतली हवा निघून जाईपर्यंत. पुन्हा थंड झाल्यावर क्लिपा तपासल्या. उन्हात तीस किलोमीटर गाडी फिरवली. काटा मधल्या खुणेवरून हलला नाही.

मुदतीला चार दिवस बाकी असताना गाडी आरटीओच्या तपासणीत उतरली. पुढची पाच वर्षे मिळाली. त्या रात्री वहिनींनी फोन केला. गाडीबद्दल एक शब्द नाही. एवढेच म्हणाल्या, "भाऊजी, दिवाळीनंतर बार्शीला जायचं म्हणतोय तो. तुम्ही याल का?" 'तो' म्हणजे पुतण्या. ज्याने जागेचा हिशेब मांडला होता, तोच आता चालक होणार होता. थप्प्यांची अडचण अजून आहे; गाठी थोड्या उंच रचल्या जातात, इतकेच.

पुढे सोलापूरला गेलो तेव्हा त्याने मला चालू खर्चवही दाखवली. वडिलांच्याच पद्धतीने लिहिली होती, पण ओळ लांबली होती: 'वरचा पाइप, पुणे, 280. इंजिनाकडे 32, रेडिएटरकडे 38. मूळ लांब पाइपाची रेडिएटरकडची बाजू चार बोटे कापणे.' खाली मूळ गाडीचे नाव, नाना पेठेतल्या दुकानाची खूण, बदलल्याची तारीख आणि पुढे बदलायचे वर्ष. वाकवलेली तार, तिच्या दोन चिठ्ठ्यांसकट, वहीच्या कपाटात खिळ्याला टांगलेली होती.

आपल्या घरांत खर्च लिहिण्याची शिस्त पिढ्यान्पिढ्यांची आहे. किती दिले हे आपण लिहितो. काय घेतले, कुठून घेतले, कसे जुळवले, हे मात्र कर्त्या माणसाच्या डोक्यात राहते आणि एके दिवशी त्याच्याबरोबर जाते. मग ती शेतीची मोटार असो, आजीच्या दागिन्यांचा फास असो, की पेढीच्या जुन्या तिजोरीची किल्ली. रकमेपुढे आणखी एक ओळ लिहायला शाई फारशी लागत नाही. ती लिहावी, एवढीच विनंती.

आणि आपल्या गावात माळ्यावर असा माल जपणारा एखादा दुकानदार उरला असेल, तर सगळीकडे मिळणारी वस्तूही कधीमधी त्याच्याकडूनच घ्यावी.